पॅराग्राफएडिटरची पुनर्रचना: मजकूर नेमका कोणाच्या ताब्यात?

स्क्वीक किंवा फारो या, स्मॉलटॉक नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रणालींत काम करणाऱ्याची मजकूर-संपादनाच्या कोडपासून सुटका नसते. ब्राउझरमध्ये, म्हणजे कोड पाहण्या-लिहिण्याच्या खिडकीत, मेथड (नाव दिलेला कोडचा तुकडा) लिहायची असो, वर्कस्पेसमध्ये एखादे विधान चालवून पाहायचे असो किंवा डीबगरमध्ये चूक सुधारायची असो, प्रत्येक ठिकाणी तीच यंत्रणा कामाला येते. तिचे मूळ पॅराग्राफएडिटर नावाच्या क्लासमध्ये (क्लास म्हणजे एका प्रकारच्या ऑब्जेक्टचा साचा) आहे. ही यंत्रणाही स्मॉलटॉकमध्येच लिहिलेली असल्यामुळे ती चालू असतानाच उघडून वाचता येते आणि बदलताही येते. या सोयीची दुसरी बाजू अशी, की कळ दाबल्यावर चालणाऱ्या मेथडमध्येच चूक झाली, तर ती सुधारण्यासाठी ज्यात टाइप करायचे तो एडिटरच बंद पडलेला असतो. बहुधा म्हणूनच बहुतेक लोक या कोडला हात न लावता त्याला वळसा घालून जातात आणि जुन्या थरांवर नवे थर चढत राहतात.

या कोडविषयी तक्रारी पुष्कळ ऐकू येतात: मेथडी लांब आहेत, नावे संदिग्ध आहेत, एकच गोष्ट तीन ठिकाणी केली आहे. त्या खऱ्याच आहेत. पण माझ्या मते त्या सगळ्यांचे मूळ एकाच गोष्टीत आहे. मजकूर, सिलेक्शन (निवडलेला भाग) आणि अनडू (केलेला बदल मागे घेणे) यांचा मालक कोणता ऑब्जेक्ट, म्हणजे आपली माहिती आणि आपल्या मेथडी बाळगणारा कोणता घटक, हे या कोडमध्ये कधी ठरवलेच गेले नाही. पुनर्रचनेची सुरुवात तिथून केली तर बाकीचे प्रश्न सुटे होऊन एकेक हाताळता येतात.

आज हा कोड वाचताना वैताग येतो खरा, पण त्याचे मूळ घर फार मोठे आहे. झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाचा एडिटर लिहिला. ‘आता घालण्याची अवस्था’, ‘आता खोडण्याची अवस्था’ अशा अवस्थांमध्ये वापरणाऱ्याला अडकवू नये, हा टेस्लर यांचा आग्रह होता. त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरही ‘नो मोड्स’ असेच लिहिलेले होते. दोन अक्षरांच्या मध्ये माउसने टिचकी मारावी आणि थेट टाइप करू लागावे, ही आज इतकी स्वाभाविक वाटणारी कल्पना त्या काळातली आहे, आणि पुढे स्मॉलटॉकच्या एडिटरमध्येही ती आली. स्मॉलटॉक-८० मध्ये मॉडेल (माहिती ठेवणारा), व्ह्यू (ती दाखवणारा) आणि कंट्रोलर (कळफलक-माउस हाताळणारा) अशी त्रिस्तरीय मांडणी होती. ही कल्पना १९७८-७९ मध्ये पार्कमध्ये पाहुणे म्हणून आलेल्या ट्रिग्वे रीन्सकाउग यांची. त्या मांडणीत पॅराग्राफ हा क्लास ओळी पाडून मजकूर दाखवायचा, आणि कळफलक व माउस सांभाळायचे काम पॅराग्राफएडिटर या कंट्रोलरकडे होते.

पॅराग्राफएडिटर हा स्क्रोलकंट्रोलरचा उपक्लास, म्हणजे त्याचे गुण वारशाने घेणारा क्लास, होता. मजकुराच्या खिडकीला स्क्रोलबार लागतोच, तेव्हा स्क्रोल करणाऱ्या क्लासकडूनच वारसा घ्यावा, असा तो हिशेब होता आणि त्या काळापुरता तो चाललाही. शिवाय या एकाच क्लासमध्ये निवडलेला मजकूर बदलणे, कर्सर हलवणे, शोधणे आणि बदलणे, ठळक-तिरके करणे हे तर होतेच, पण निवडलेले विधान चालवणे, त्याचे उत्तर छापणे, एखाद्या मेथडला कोण कोण हाक मारते ते शोधणे, आणि निवडलेल्या शब्दाचा अर्थ प्रोग्रॅमरला समजावून सांगणारी ‘एक्सप्लेन’ ही सुविधासुद्धा होती. म्हणजे मजकूर घालणाऱ्या-खोडणाऱ्या क्लासला कंपायलरचीही (कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणाऱ्या प्रोग्रॅमचीही) ओळख होती. परिणामी साधे नाव भरण्याचे खानेही याच क्लासवर उभे राहिले, आणि त्यालाही कंपायलर माहीत असे.

कळफलकाची हाताळणी विशेष पाहण्यासारखी आहे. सगळ्या कळांसाठी मिळून २५६ घरांची सारणी असे. कळीचा अंक घ्यायचा, त्या घरातले मेथडचे नाव उचलायचे आणि ती मेथड चालवायची. बाणांच्या कळांना २८ ते ३१ हे अंक दिलेले होते, म्हणजे अक्षर आणि आज्ञा यांच्यात फरक असा नव्हताच. अशा प्रत्येक मेथडला एक स्ट्रीम (एकामागून एक आलेल्या अक्षरांची रांग) पॅरामीटर म्हणून, म्हणजे बाहेरून दिलेली माहिती म्हणून, मिळत असे. यंत्र संथ होते, वापरणारा त्याच्या पुढे टाइप करत जायचा, म्हणून साठलेल्या कळा आधी एका स्ट्रीममध्ये गोळा करून मग एकदमच मजकुरात ओतल्या जात. त्या काळच्या यंत्रांसाठी ही उत्तम युक्ती होती. यंत्रे वेगवान झाल्यावर युक्तीची गरज उरली नाही. पण पॅरामीटर राहिला, आणि ज्या मेथडींना त्याचा काहीही उपयोग नाही त्याही तो मुकाट्याने घेत राहिल्या.

१९९६ मध्ये ॲपलमधून स्क्वीक बाहेर आले. त्यानंतर सेल्फ या भाषेसाठी बनलेली मॉर्फिक ही नवी चित्रव्यवस्था जॉन मलोनी यांनी स्क्वीकमध्ये आणली. मॉर्फिकमध्ये कंट्रोलर नसतो. पडद्यावरची प्रत्येक वस्तू स्वतःच्या घटना स्वतः हाताळते. तेव्हा मजकुरासाठी टेक्स्टमॉर्फ आणि न्यूपॅराग्राफ हे नवे क्लास लिहिले गेले, परंतु संपादनाचे काम पुन्हा लिहिण्याऐवजी पॅराग्राफएडिटरचाच टेक्स्टमॉर्फएडिटर नावाचा उपक्लास केला गेला. ज्या जगात कंट्रोलर नाही त्या जगात कंट्रोलरची पूर्ण वंशावळ सोबत आली. जुना एडिटर कळा सेन्सरकडून, म्हणजे कळफलक-माउसची स्थिती सांगणाऱ्या ऑब्जेक्टकडून, वाचायचा आणि मॉर्फिकमध्ये तर घटना येतात; म्हणून कीबोर्डबफर नावाचा एक छोटा क्लास तयार झाला, जो आलेली एकच घटना हातात धरून ‘मीच सेन्सर आहे’ अशी बतावणी करतो. ही बतावणी इतकी नेटकी आहे की पहिल्यांदा वाचताना कौतुकच वाटते.

खरी गुंतागुंत मात्र मालकीत झाली. स्मृती वाचवण्यासाठी टेक्स्टमॉर्फ आपला एडिटर आणि आपला पॅराग्राफ हवा तेव्हा टाकून देतो आणि लागेल तेव्हा नवा बनवतो. मग जुन्या एडिटरमधले सिलेक्शन, टाइप करण्याची सुरुवात कुठून झाली ती जागा, पुढचे अक्षर ठळक की तिरके, हे सारे नव्या एडिटरकडे जायला हवे. त्यासाठी स्टेटॲरे नावाची मेथड आहे, जी ही सगळी माहिती एका ॲरेमध्ये, म्हणजे क्रमांकित घरांच्या यादीत, क्रमाने भरून देते, आणि समोरची मेथड तोच क्रम गृहीत धरून ती परत काढते. वापरणाऱ्याच्या दृष्टीने सिलेक्शन ही मजकुराइतकीच टिकाऊ गोष्ट आहे. कोडमध्ये ती एका क्षणभंगुर ऑब्जेक्टच्या पोटात ठेवली आहे आणि त्या ऑब्जेक्टच्या प्रत्येक मरणाच्या वेळी तिला हाताने वाचवावे लागते.

मजकुराचेही तसेच. टेक्स्टमॉर्फकडे त्याचा एक संदर्भ, पॅराग्राफकडे दुसरा, आणि ब्राउझरसारख्या मॉडेलकडे स्वतःची, शेवटच्या ‘ॲक्सेप्ट’च्या (बदल पक्का करण्याच्या) वेळची वेगळी प्रत. प्रत्येक बदल ‘हँडल-इंटरॅक्शन’ नावाच्या मेथडच्या आत गुंडाळलेला असतो. ही मेथड आधीचा एडिटर, आधीचा पॅराग्राफ आणि आधीचा मजकूर लक्षात ठेवते, दिलेला ब्लॉक (कोडचा तुकडा) चालवते, आणि नंतर काय काय बदलले हे तुलना करून शोधून पॅराग्राफमधले बदल मॉर्फपर्यंत पोहोचवते. बदल करणाऱ्यालाच तो जाहीर करता आला असता तर ही शोधाशोध लागलीच नसती. पण जाहीर कोणी करायचे? मजकूर स्वतः मुका आहे, आणि त्याला हात लावणारे अनेक आहेत.

अनडूची गोष्ट याहून रंजक आहे. पॅराग्राफएडिटरमध्ये अनडूची माहिती क्लास व्हेरिएबलमध्ये होती. म्हणजे सर्व खिडक्यांना मिळून अनडू एकच, चाळीतल्या सामाईक नळासारखा: दुसऱ्या कोणी तोटी उघडली की आपली धार गेली. एका खिडकीत परिच्छेद खोडला, शेजारच्या खिडकीत एक अक्षर टाइप केले आणि परत येऊन अनडू केले, तर कोड पाहतो की नोंदवलेला पॅराग्राफ हा नाही, आणि गुपचूप काहीच करत नाही. शोधायचा मजकूर आणि त्या जागी घालायचा मजकूर हेही याच रीतीने सामाईक ठेवले होते, पण तिथे ते सोयीचे आहे: एका खिडकीत शोधलेला शब्द दुसऱ्या खिडकीत ‘पुन्हा शोधा’ म्हणून लगेच सापडतो. तेव्हा सामाईक व्हेरिएबल दिसले की सरसकट हलवायचे, हा नियम इथे चालणार नाही. अनडू मजकुराचा, शोध वापरणाऱ्याचा. मालक वेगळे आहेत म्हणून जागाही वेगळ्या हव्यात.

ही गाठ सोडवण्याचा पहिला मोठा आणि माझ्या मते सर्वांत समंजस प्रयत्न अर्जेंटिनाच्या हुआन वुलेतिच यांनी त्यांच्या क्यूस या प्रणालीत केला. कंट्रोलरची वंशावळ बाजूला करून त्यांनी एडिटरची स्वतंत्र उतरंड उभी केली: सामान्य मजकुरासाठी टेक्स्टएडिटर, त्याच्याखाली विधाने चालवणारा स्मॉलटॉकएडिटर, आणि एका ओळीच्या खान्यांसाठी हलका असा सिंपलएडिटर. ही विभागणी पुढे स्क्वीक आणि फारो या दोन्हींमध्ये गेली. यात नवा अल्गोरिदम एकही नाही. नाव भरण्याच्या खान्याला कंपायलर माहीत असण्याचे कारण नाही, एवढेच त्यांनी कोडला कबूल करायला लावले. आणि तेवढ्याने पुढच्या प्रत्येक बदलाचा आवाका कमी झाला.

अशा कामाला बसले की पहिला मोह होतो तो डेटा स्ट्रक्चर (माहिती साठवण्याची रचना) बदलण्याचा, आणि त्याला सबळ कारणही आहे. स्मॉलटॉकमधला टेक्स्ट म्हणजे एक स्ट्रिंग (अक्षरांची क्रमाने लावलेली माळ) आणि तिच्या सोबत रनॲरे, म्हणजे ‘इतकी अक्षरे साधी, पुढची इतकी ठळक’ अशी गटागटाने ठेवलेली नोंद. मध्ये एक अक्षर घालायचे तर नवी स्ट्रिंग बनते आणि जुनी सगळी तिच्यात उतरवली जाते. वीस ओळींच्या मेथडला याचा काहीच त्रास नाही. काही मेगाबाइटच्या लॉगला तो चांगलाच होतो. यावरचे उपाय जुने आणि माहितीतले आहेत. ईमॅक्स हा एडिटर मजकुरात कर्सरच्या जागी रिकामी फट ठेवतो. पार्कमध्येच बनलेल्या ब्रावो या एडिटरने मूळ मजकुराला धक्का न लावता तुकड्यांचा तक्ता ठेवण्याची पद्धत वापरली. १९९५ मध्ये पार्कच्याच हान्स बोम, रस ॲटकिन्सन आणि मायकेल प्लास यांनी रोप ही झाडासारखी रचना सविस्तर मांडली. व्हीएस कोड या एडिटरने २०१८ मध्ये ओळींच्या ॲरेऐवजी तुकड्यांचे झाड वापरायला सुरुवात केली, आणि त्यामुळे मोठ्या फायली उघडताना लागणारी स्मृती बरीच कमी झाली.

तरीही हे काम पहिले नाही, असे माझे ठाम मत आहे. टेक्स्टच्या पोटातल्या स्ट्रिंगला आज अनेक क्लास थेट हात घालतात: ओळी पाडणारा, चितारणारा, रंग देणारा, एडिटर स्वतः. यांपैकी प्रत्येकाला स्ट्रिंगचा क्रमांक म्हणजेच मजकुरातली जागा असे वाटते. जोपर्यंत मजकुराला विचारण्याचे प्रश्न मोजके आणि एकाच दारातून होत नाहीत, तोपर्यंत आतली स्ट्रिंग बदलून रोप बसवणे म्हणजे ते सगळे क्लास एकाच वेळी फोडणे. उलट दार एक झाले, की आतला बदल दुपारभराचे काम ठरू शकतो.

फारोमध्ये झालेले दोन प्रयत्न शेजारी ठेवून पाहिले की हे नीट दिसते. इगोर स्टासेन्को यांनी टीएक्सटेक्स्ट नावाने मजकुराचे मॉडेलच नव्याने रचले. त्यात मजकूर म्हणजे एकमेकांना जोडलेल्या खंडांची साखळी असते, गुणधर्म खंडाला चिकटलेले असतात, आणि जागा म्हणजे नुसता क्रमांक नसून स्वतंत्र ऑब्जेक्ट असते, जे आपला खंड ओळखते. रचना म्हणून ती मला आजही आवडते. ॲलँ प्लाँतेक यांच्या रुब्रिकने मात्र जुना टेक्स्ट आणि जुना रनॲरे तसाच ठेवला. सिलेक्शन, टाइप करण्याची सुरुवात आणि अनडूचा इतिहास हे एडिटिंगस्टेट नावाच्या वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये हलवले. कर्सर, सिलेक्शनची पट्टी, ओळीच्या बाजूच्या खुणा हे पॅराग्राफभोवती एकावर एक चढवता येणारे डेकोरेटर केले. आणि कोडसाठी, टिप्पणीसाठी, साध्या मजकुरासाठी वागणूक बदलायची तर उपक्लास करण्याऐवजी एडिटिंगमोड नावाचा ऑब्जेक्ट बदलायचा, अशी सोय केली. फारोच्या साधनांमध्ये अखेर रुब्रिक आले. त्याच्या आतही जुन्या कोडचे मोठाले भाग ओळखू येतात आणि टीकाकार ते दाखवतातही. पण ब्राउझर आणि डीबगर त्यावर हलवता आले, कारण त्यांनी मजकुराकडे पाहण्याची पद्धत बदलण्याची गरज पडली नाही.

माझ्या स्वतःच्या छोट्या प्रयोगांत मी याच क्रमाने जाण्याचा प्रयत्न करते. आधी एडिटरला पडद्याविना चालवता येईल असे करायचे: मजकूर द्या, सिलेक्शन द्या, कळ द्या, आणि मजकूर व सिलेक्शन काय झाले ते पाहा. हे जमले की आजची वागणूक, विचित्र असेल ती विचित्रपणासह, चाचण्यांमध्ये नोंदवून ठेवता येते. शब्दाच्या शेवटी डबल-क्लिक केल्यावर काय निवडले जाते, कंसाच्या आत टिचकी मारल्यावर पूर्ण कंसातला मजकूर कसा निवडला जातो, रिकाम्या मजकुरात खालचा बाण काय करतो, अशा गोष्टींची लोकांच्या बोटांना सवय झालेली असते, आणि नवा एडिटर नाकारला जातो तो बहुतेकदा याच बारीकसारीक कारणांनी. त्यानंतर प्रत्येक बदल ‘इथून इथपर्यंतचा मजकूर काढून हा घाला’ अशा एकाच क्रियेत आणायचा. ती क्रिया स्वतःची उलट क्रिया जाणते, म्हणून अनडू वेगळा लिहावा लागत नाही. आणि ती झाली की मजकूरच ऐकणाऱ्यांना कळवतो, त्यामुळे तुलना करून बदल शोधणारी ती हँडल-इंटरॅक्शन निवृत्त होते.

ओळी पाडणाऱ्या कोडला मात्र मी शेवटपर्यंत हात लावत नाही, कारण तो जुना असला तरी हुशार आहे. बदल झालेल्या ओळीपासून तो पुन्हा ओळी पाडू लागतो आणि नवी ओळ जिथे जुन्या ओळीच्या सुरुवातीशी जुळते तिथे थांबून खालच्या ओळी फक्त सरकवतो. याच कोडमुळे स्क्वीकमध्ये मजकूर लंबवर्तुळात भरता येतो आणि एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत वाहू शकतो. ब्राउझरला यातले काहीच लागत नाही हे खरे. पण ते काढून टाकण्याने मिळणारी साफसफाई किरकोळ आहे.

मराठी लिहिणाऱ्याला मात्र अडचण इथेच येते. ओळी पाडणारा स्कॅनर अक्षरामागून अक्षर पुढे जातो आणि प्रत्येकाची रुंदी मिळवत जातो. कुठे थांबायचे ते सांगणारी त्याची सारणी २५८ घरांची होती, २५६ अक्षरांसाठी आणि उरलेली दोन ‘शैली बदलली’ व ‘उजवी कड ओलांडली’ यांसाठी. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत, आल्यावर या स्कॅनरची ‘मल्टी’ नावाने सुरू होणारी समांतर उतरंड तयार झाली, आणि त्या दोन उतरंडी एकत्र आणण्याचे किचकट काम स्क्वीकमध्ये निकोला सेलिए यांनी २०१३ च्या सुमारास केले. पण एक क्रमांक, एक अक्षर, एक चौकोन हे गृहीतक कायम राहिले. ‘क्ष’ मध्ये क, हलन्त आणि ष असे तीन सांकेतांक असतात आणि पडद्यावर आकृती एक असते. ‘कि’ मध्ये वेलांटी साठवली जाते क नंतर आणि चितारली जाते त्याच्या आधी. रुंद्यांची बेरीज करून हे साधत नाही. रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या शाळेत २००७ मध्ये जे छोटे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले, त्यांच्यासाठी बनलेल्या ईटॉइजमध्ये, म्हणजे स्क्वीकच्याच एका शाखेत, यासाठी पँगो ही बाहेरची लायब्ररी जोडण्याची सोय केली गेली होती. जोडाक्षरे चितारण्याचा प्रश्न त्यातून सुटू शकतो. कर्सरचा प्रश्न त्याने संपत नाही, कारण तो चितारणाऱ्याचा नाही, मजकुराच्या मालकाचा आहे.

बाणाची कळ दाबली की कर्सरने ‘क्षि’ हे अक्षर एका उडीत ओलांडावे अशी आपली अपेक्षा असते. बॅकस्पेस दाबला की मात्र फक्त वेलांटी जावी आणि ‘क्ष’ राहावे अशी. म्हणजे पुढे जाण्याचे एकक वेगळे, खोडण्याचे वेगळे, आणि ओळ तोडण्याचे तिसरेच. जुन्या एडिटरमध्ये या तिन्ही ठिकाणी ‘क्रमांक अधिक एक’ किंवा ‘क्रमांक उणे एक’ असे थेट लिहिलेले आहे. मी सध्या एवढेच करते आहे की अशी प्रत्येक बेरीज-वजाबाकी शोधायची, तिच्या जागी ‘यानंतरची कर्सरची जागा कोणती’ किंवा ‘इथून मागे किती खोडायचे’ असा प्रश्न मजकुराला विचारायचा, आणि इंग्रजी मजकुरासाठी उत्तर पूर्वीचेच येते आहे ना, हे चाचणीने पाहायचे. माउसच्या टिचकीवरून जागा शोधणारी मेथड अजून बाकी आहे. तिच्यात ही बेरीज चितारण्याच्या कोडमध्ये इतकी मिसळली आहे की आधी ती दोन कामे वेगळी करावी लागतील.